पाहुण्याची रात्र कोणाची?

लग्न ठरलं की मुंबईच्या उपनगरातल्या घरात पहिली धावपळ सुरू होते ती हॉलसाठी. आधी मुहूर्त काढायचा की आधी हॉलची तारीख विचारायची, हे आता सांगणं कठीण झालंय. हॉल मिळाला की केटरर, मग बस्ता, दागिने, फोटोवाला, मेंदीवाली, डेकोरेशन. पत्रिका छापून येतात, पहिली कुलदैवतापुढे ठेवली जाते आणि गावाकडे फोन सुरू होतात. "सगळ्यांनी यायचं बरं का! हळदीच्या आधीच या." पलीकडून "येतो की" म्हणून उत्तर येतं. या एवढ्या बोलण्यात एक प्रश्न दोन्ही बाजू टाळतात : उतरायचं कुठे? येणाऱ्याला ते विचारणं लाजिरवाणं वाटतं, आणि बोलावणाऱ्याने त्याचा विचारच केलेला नसतो. मग लग्न तोंडावर आलं की घरात हलक्या आवाजात बोलणी होतात. आत्याला मावशीकडे टाकू, काकांना हॉलच्या खोलीत झोपवू, पोरं काय, कुठेही पडतील.

माझं म्हणणं सरळ आहे. परगावच्या माणसाला आग्रहाने बोलावलं की त्याची रात्र ही यजमानाची जबाबदारी होते, जशी त्याच्या ताटाची होते तशीच. लग्नाच्या खर्चाच्या वहीत ही बाब शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून जाते. ती पहिल्या पानावर, हॉलच्या खालोखाल यायला हवी. आणि ज्याच्या रात्रीची सोय आपण करू शकत नाही, त्याला लग्नाला येण्याचा आग्रह करू नये. त्याच्याकडे जाण्याचे दुसरे चांगले मार्ग आपल्याच रीतीत आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येईन.

ही अडचण उपनगरांत जास्त बोचते, त्याला कारणं आहेत. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय दोन दिवसांसाठी मिळतं, वधूपक्षाला आणि वरपक्षाला स्वतंत्र खोल्या असतात, सतरंज्या-गाद्या तिथल्याच. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये बहुतेक हॉल सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत विकले जातात. दुपारी तुमचं वऱ्हाड निघायच्या आत संध्याकाळच्या लग्नाची फुलं आत येत असतात. तिथे जी खोली मिळते ती कपडे बदलण्यापुरती. हळद आदल्या संध्याकाळी असते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद होतो आणि तेव्हा, जेवणं आटोपता आटोपता, देवरूखहून, कुडाळहून, साताऱ्याहून आलेली माणसं पिशव्या घेऊन उभी असतात. सकाळचा मुहूर्त असेल तर त्यांनी पहाटे उठून, आंघोळी करून, नऊवारी नेसून तयार असायचं आहे. तेव्हा झोपायला किती गाद्या लागतील एवढ्यावर हिशेब थांबत नाही. चार तासांत किती माणसांची आंघोळ होऊ शकते, हा खरा हिशेब असतो, आणि तो कोणीच करत नाही.

येण्याच्या वेळाही आडनिड्या. कोकणकन्या ठाण्याला पहाटेच उतरवते, मांडवी रात्री. बोरिवलीवरून जाणारी वांद्रे–मडगाव गाडी २०२४च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, पण ती आठवड्यातून दोनदाच. एसटीने येणारी माणसं बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीत किंवा कुर्ल्याच्या नेहरूनगरला उतरतात. आणि मुंबईचा नकाशा परगावच्या माणसाला फसवतो. मुलुंड आणि बोरिवली ही दोन्ही उपनगरं, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यान. पण लोकलने एकीकडून दुसरीकडे जायचं तर दादरला उतरून पुन्हा वर यावं लागतं. मुलुंडला आत्याकडे उतरवलेल्या पाहुण्यांना सकाळी सातला बोरिवलीच्या हॉलवर या म्हणणं म्हणजे त्यांची रात्र हिरावून घेणं आहे. याउलट घाटकोपरला उतरलेला माणूस अंधेरीच्या हॉलवर मेट्रोने सहज पोहोचतो, २०१४च्या जूनपासून ती सोय आहे. दहिसर ते अंधेरी पट्ट्यातही आता मेट्रो आहे. उतरण्याची जागा किलोमीटरवर ठरवू नये, एकाच गाडीने हॉलपर्यंत जाता येईल का, यावर ठरवावी. हे मुंबईत राहणाऱ्यालाच कळतं, म्हणून ते ठरवण्याचं काम पाहुण्यावर सोडणं गैर आहे.

आपल्या लग्नविधीत उतरण्याची जागा हा लग्नाचाच भाग होता. वरपक्षासाठी जानवसा असे. आदल्या दिवशी वऱ्हाड यायचं, सीमंतपूजन व्हायचं, आणि रात्र गावात काढल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं लग्न लागत नसे. गाव लहान असलं तर वऱ्हाडी घराघरांत वाटले जात. कोणाच्या ओटीवर दहा, कोणाच्या माजघरात बायका-मुलं. या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. पाहुण्याने स्वतःची सोय बघायची ही कल्पनाच तिला ठाऊक नव्हती.

पण त्या व्यवस्थेला कीडही होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून जुन्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. जानवसा फक्त वरपक्षाला. त्याचा खर्च मुलीच्या बापाचा. चहा गार आला, गादी पातळ होती, विहिणीला आधी पाणी दिलं नाही यावरून रुसवे, आणि त्या रुसव्यांचा हिशेब पुढे सुनेकडून वर्षानुवर्षं चुकता केला जाई. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला. रोकड मागणं निदान उघडपणे लाजेचं झालं. वऱ्हाडाच्या मुक्कामाचा खर्च मात्र 'रीत' या नावाखाली तसाच मुलीच्या घराच्या खात्यावर राहिला. आजही अंधेरीत 'आमच्याकडची पंचवीस माणसं आहेत, एसी खोल्या बघा' हे वाक्य मुलीच्या वडिलांना ऐकवलं जातं, तेही दोघं नवरा-बायको सारखं कमावणारे असताना. जबाबदारी टिकवायची आणि मान मोडायचा, हे दोन्ही एकदमच करायला हवं. दोन्हीकडच्या परगावच्या पाहुण्यांची एकच यादी आणि त्या मुक्कामाचा एकच खर्च, दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा. लग्न ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीत हे बोललं गेलं पाहिजे. तिथे साड्यांच्या देण्याघेण्यावर तासभर बोलणं होऊ शकतं, तर यावर दहा मिनिटं निघायला हरकत नसावी.

मुंबईला परगावच्या माणसाला ठेवून घ्यायची कला नव्हती असंही नाही. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून चाळीत खोली घ्यायची, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी, पाळीप्रमाणे झोपायचं. गावाहून नवा पोरगा आला की तो थेट तिथेच. गोव्यातल्या ख्रिस्ती दर्यावर्दींचे कूड धोबीतलाव-माझगावकडे होते, काही अजून आहेत. गावागावाचा कूड वेगळा, आत देवाची वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत किंवा बोट लागेपर्यंत माणूस तिथे राहायचा. गुजराती, कच्छी, जैन समाजांनी वाड्या आणि धर्मशाळा बांधल्या, आणि घाटकोपर-मुलुंडमध्ये त्या परंपरेचे वारस अजून उभे आहेत. मराठी माणसाची गावकऱ्यांची खोली मात्र दादरच्या पुढे उत्तरेला फारशी आली नाही. मला त्याचं एक कारण दिसतं. ती खोली एकट्या पुरुषांची होती. उपनगरात जाताना माणूस बायको-मुलं घेऊन, दोन खोल्यांचा स्वतःचा संसार मांडायला गेला, आणि सामाईक खोली मागे सोडून गेला. ग्रामस्थ मंडळं टिकली, त्यांच्या पूजा, क्रिकेटचे सामने, गुणगौरव टिकले. खोली गेली.

आणि उतरायला जागा मिळणं हा आपल्या समाजात कधी नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा असं सांगणाऱ्या त्या ठरावात धर्मशाळाही होत्या. म्हणजे वाटसरूला रात्रीपुरतं छप्पर मिळावं यासाठीसुद्धा ठराव करावा लागत होता. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली ती याच जखमेवर, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. गाडगेबाबांच्याच नावाची धर्मशाळा आज दादरला परगावहून उपचारांसाठी येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. कोणाला कुठे झोपायला जागा मिळते, यावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय आपल्यात फार जुनी आहे.

ती सवय लग्नघरात शिरते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. घरातल्या मोठ्यांनी केलेली खोल्यांची यादी एकदा नीट पाहावी. हॉटेलच्या खोल्या कोणाला? व्याह्यांच्या जवळच्या माणसांना, अमेरिकेहून आलेल्या भावाला, वडिलांच्या जुन्या साहेबांना. आणि गावची चुलत काकू, जी आईच्या बाळंतपणात दोन महिने येऊन राहिली तेव्हा तिने कुठलाही हिशेब मांडला नव्हता, तिला एक बेडरूमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी अंथरूण. ज्यांना खोली स्वतः घेता आली असती त्यांना ती मिळते आणि ज्यांना घेता येत नाही त्यांना जमीन मिळते. ही यादी मानावर केली जाते. ती गुडघ्यांवर करावी. कोणाला जमिनीवरून उठता येत नाही, कोणाला कमोड लागतो, कोणाजवळ तान्हं मूल आहे, कोण बारा तासांचा प्रवास करून येतंय, कोणाला रात्री औषधासाठी उठावं लागतं. खोल्या आधी त्यांना. अमेरिकेहून आलेला भाऊ समजून घेईल, आणि नाही घेतलं तर तो त्याचा प्रश्न.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आता सगळे कमावते आहेत, फोनवर हॉटेल बघतात, कोणाला कोणाच्या घरी अडचण करून राहायचं नसतं. यात तथ्य आहे, आणि मी हॉटेलच्या विरोधात मुळीच नाही. उलट जुन्या पाहुणचाराची किंमत कोणी मोजली हे मला विसरता येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींत लग्न असलं की मजल्यावरच्या सगळ्या घरांची दारं उघडी असत, गच्चीवर गाद्या पडत, शेजारी आपली खोली देत. ते खरं आहे आणि सुंदरही आहे. पण त्या उघड्या दारांआड पहाटे चारला उठून पातेल्यांत पाणी तापवणारी, तीसेक माणसांचा चहा करणारी, ओले पंचे गोळा करणारी बाईच होती. यजमानीणही तीच आणि शेजारीणही तीच. हॉटेलने त्या बाईला मोकळं केलं. ते मोकळेपण परत घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण 'ज्याने त्याने आपली खोली घ्यावी' हे उत्तर त्यातून निघत नाही. मुहूर्त सगळ्यांचे एकच असतात. तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा वैशाखात त्याच तारखांना सगळ्या उपनगरातल्या खोल्या मागितल्या जातात. त्यात अंधेरीची हॉटेलं विमानतळाच्या आणि गोरेगावच्या प्रदर्शनांच्या गर्दीवर चालतात, त्यांचे दर रत्नागिरीच्या निवृत्त शिक्षकाला डोळ्यांपुढे ठेवून ठरत नाहीत. स्वस्त लॉज कुठला बरा, कुठला बायकामुलांना घेऊन जाण्यासारखा नाही, हे बाहेरच्याला कळत नाही. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, आणि आजी आधार कार्ड घरी ठेवून आलेली असते. सकाळी सहाला गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला खोलीचा ताबा दुपारी मिळतो, हे तर कित्येकांना काउंटरसमोर उभं राहिल्यावरच कळतं. यजमानाने चार-पाच खोल्या एकत्र ठरवल्या तर दर उतरतो, पहाटे ताबा मिळण्याचं आधी बोलता येतं, एक माणूस तिथे हजर राहू शकतो. पैसे कोणी द्यायचे हा वेगळा प्रश्न. ज्याला परवडतं त्याने स्वतःची खोली स्वतःच्या पैशाने घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ठरवून देण्याचं काम यजमानाचंच.

आणि मुंबईत जागा कुठे आहे, या वाक्याचा फेरविचार व्हायला हवा. २०११च्या जनगणनेत मुंबईत जवळपास ४.८ लाख घरं रिकामी आढळली होती, आणि केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीनेही त्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. रिकामी खोली तर आकडेवारीत येतही नाही. पार्ल्यात, मुलुंडला, बोरिवलीला कितीतरी घरं अशी आहेत की मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. दोघं म्हातारी माणसं एका खोलीत, आणि दुसरी खोली इस्त्री करून ठेवलेल्या चादरींसह बंद. आपण त्यांना विचारत नाही. नकाराची भीती वाटते, उपकार नको वाटतात. माझा अनुभव असा की नीट विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि आनंदाने म्हणतात, कारण घरात दोन दिवस लग्नाची वर्दळ असणं त्यांनाही हवं असतं. नीट विचारणं म्हणजे काय, तर कोण येणार, किती जण, किती वाजता, हे आधी सांगणं. गाद्या डेकोरेटरकडून भाड्याने आणणं, चहा-नाश्ता बाहेरून पोहोचवणं, गेल्यावर घर पुसून-आवरून देणं, आणि हे काम आपल्या घरातल्या पुरुषांनी अंगावर घेणं. त्या घरच्या बाईला एक कप चहाही करावा लागता कामा नये.

याहून मोठी संधी आत्ता आपल्या हातून निसटते आहे. उपनगरांतल्या साठ ते ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. सभासद महिनोन्महिने बिल्डरशी वाटाघाटी करतात : वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग कोणाला. मिळणाऱ्या इमारतीत लॉबी असते, व्यायामशाळा असते. पाहुण्यांसाठी दोन खोल्या मागितल्याचं मी क्वचितच ऐकतो. वास्तविक सहकारी गृहनिर्माणाची कल्पना या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ सालची. एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं, हा त्या सहकाराचा पाया. जर्मनीतल्या अनेक गृहनिर्माण सहकारी संस्था सभासदांच्या पाहुण्यांसाठी एखाद-दोन घरं राखून ठेवतात आणि रात्रीचं माफक भाडं घेऊन देतात. ज्यूरिकमध्ये २०१४ साली उभ्या राहिलेल्या काल्कब्राइट या सहकारी वसाहतीत तर अतिथिगृहच आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी प्रत्येक जण जास्तीच्या बेडरूमचं कर्ज फेडत बसतो. चाळीस घरांनी मिळून संडास-बाथरूमसह दोन खोल्या ठेवल्या तर ते कर्ज कितीतरी जणांना घ्यावंच लागणार नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. चटईक्षेत्र जाईल, कोणीतरी खोली बळकावेल, अनोळखी माणसं येतील, देखभाल कोण करणार. चटईक्षेत्राचं वास्तुविशारदाला विचारावं लागेल, तेही करार व्हायच्या आधी. बाकीच्या शंकांना नोंदवही, सभासदाची जबाबदारी, जास्तीत जास्त चार रात्री आणि ठरलेलं भाडं एवढी उत्तरं पुरतात. लहान-मोठ्या कामांसाठी सोसायट्या याहून किचकट नियम करतात आणि पाळतातही. एक अट मात्र मी आग्रहाने घालीन. त्या खोलीत कोणी काय खावं, कोणत्या जातीधर्माचा पाहुणा चालेल, याचा एकही नियम नसावा.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, गोराई-मनोरीला, मुलुंडच्या जुन्या गावठाणात पाहुण्यांच्या मुक्कामाचा प्रश्न इतका नडत नाही. नातेवाईक वसई-उरण-अलिबागपासून येणारे, मांडव दारातच, आणि अख्ख्या आळीची घरं भावकीची. पण गावठाणंही आता इमारतींनी वेढली जात आहेत.

राहता राहिला तो पाहुणा, ज्याची सोय काही केल्या होत नाही. गावची वाडी मोठी, माणसं शंभर, आणि इकडे दोन खोल्या. अशा वेळी सगळ्यांना 'या' म्हणायचं आणि मनात 'येऊ नका' म्हणायचं, हे आपण थांबवायला हवं. आपल्याकडे त्याला उत्तर तयार आहे. लग्नानंतर नवरा-नवरी कुलदैवताला जातात, गावच्या घरी सत्यनारायण होतो, वाडीला जेवण असतं. अनेक कोकणी कुटुंबं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत. मुंबईच्या हॉलमधलं एक डेकोरेशन कमी करून ते जेवण मोठं करता येईल. गावच्या माणसांना आपल्या अंगणात, आपल्या वेळेला, रात्री आपल्याच घरी झोपून नव्या सुनेला बघता येईल. 'लग्नाला इकडे सोय नाही, म्हणून आम्हीच तिकडे येतो' हे फोनवर स्पष्ट सांगण्यात अपमान नाही. हॉलच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायला लावण्यात आहे.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणून पाहुण्यांची मुक्कामाची यादी त्याच्याही आधी तयार हवी, आणि ज्यांना बोलावणार त्यांना त्याच फोनवर चार गोष्टी कळायला हव्यात : कुठे उतरायचं, कोणत्या स्टेशनवर, तिथे कोण भेटेल, त्याचा नंबर काय. या मोसमात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी केटररशी ताटाचा दर ठरवण्याआधी ही यादी करावी. आणि ज्यांच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा येत्या महिन्यांत आहे, त्यांनी पाहुण्यांच्या दोन खोल्यांचा विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. करारावर सह्या झाल्यावर त्या खोल्या मागून मिळत नाहीत.